नावाशिवाय ओळख

चित्रकाराने मानवाकृती रंगवावी की ती ओलांडून शुद्ध आकारांकडे जावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शैलीचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. एखाद्या चित्रकाराच्या कारकिर्दीचा आलेख मांडताना समीक्षक मूर्ताकडून अमूर्ताकडे अशी एक रेषा ओढतो आणि त्या रेषेवरील वाटचाल ही प्रगतीच आहे असे गृहीत धरतो. सामाजिक बांधिलकीचा आग्रह धरणारा समीक्षक तीच रेषा पलायनाची म्हणून वाचतो. या दोघांचे भांडण जुने आहे. परंतु एका बाबतीत त्यांचे अबोल एकमत असते. चित्रकाराने केव्हा ना केव्हा एक बाजू निवडली पाहिजे, असे दोघांनाही वाटते. जो चित्रकार दोन्ही प्रकारची चित्रे आयुष्याच्या उत्तरार्धापर्यंत, एकाच चित्रशाळेत, शेजारीशेजारी करीत राहतो त्याचे काय करावे हे दोघांनाही उमगत नाही. अकबर पदमसी (१९२८–२०२०) हे असे चित्रकार होते. त्यांच्या निमित्ताने मला जो प्रश्न विचारावासा वाटतो तो नीतीचा आहे: दुसऱ्या माणसाचा चेहरा आपल्या कलाकृतीत आणण्याचा अधिकार कलावंताला कोठून मिळतो? आणि तो चेहरा कलाकृतीतून वगळण्याचा अधिकार तरी त्याला कोणी दिला?

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ पुस्तकी नाही. म्हणून त्याचा माझ्याशी असलेला संबंध आधी सांगून टाकणे योग्य होईल. १९८२च्या जानेवारीत मुंबईतील कापडगिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नुकताच अध्यापनाला लागलो होतो आणि गिरणगावातील एका चाळीत राहत होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते. आमच्या मजल्यावरच्या बहुतेक बिऱ्हाडांत तिन्ही पाळ्या एकदमच बंद झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीस शहरातील एका कलादालनात मी पदमसींचा एक ‘मेटास्केप’ पाहिला. तांबड्या आणि नारिंगी रंगांचे जाड, सुरीने थापलेले प्रतल. डोंगर म्हणावेत की ज्वाळा असा संभ्रम पाडणारे आकार. आणि वर एकाच आकाशात सूर्य व चंद्र. चित्रात माणूस नव्हता. मी घरी येऊन एका नियतकालिकासाठी लेख लिहिला आणि त्यात विचारले की, ज्या शहरात लाखो माणसे उपाशी आहेत त्या शहरातल्या चित्रकाराला माणूस दिसतच नाही काय? लेख तावातावाने लिहिला होता. तो वाखाणलाही गेला.

त्याच सुमारास मी आणखी एक लेख लिहिला. आमच्या शेजारच्या खोलीत विणखात्यात काम करणारे एक गृहस्थ राहत. त्यांचे ते व्यक्तिचित्र होते. संपाच्या आठव्या महिन्यात त्यांनी पत्नीच्या आंदणातला पितळी हंडा मोडीत घातला, तो हंडा नेताना त्यांनी त्यावर धोतराचे पान कसे गुंडाळले होते, मजल्यावरच्या बायका तेवढ्यापुरत्या कशा आत निघून गेल्या, हे सर्व मी त्यात बारकाईने उतरवले होते. नाव अर्थातच बदलले होते. त्यामुळे माझे कर्तव्य पुरे झाले अशी माझी समजूत होती. लेख चाळीत पोहोचला. हंडा कोणाचा, हे सांगायला नावाची गरज नव्हती. दोन दिवसांनी ते गृहस्थ जिन्यात भेटले आणि शांतपणे म्हणाले, “मास्तर, लिहिलंत ते खोटं नाय. पण मला एकदा विचारायचं होतंत.” मी काहीतरी पुटपुटलो. त्यानंतरही ते मला ‘मास्तर’ म्हणत राहिले, परंतु त्यांच्या खोलीचे दार माझ्यासाठी पूर्वीसारखे उघडे राहिले नाही.

म्हणजे ज्या महिन्यांत मी एका चित्रकारावर माणूस वगळल्याचा आरोप करीत होतो, त्याच महिन्यांत मी स्वतः एका माणसाला चित्रात ओढून आणले होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहायला मला फार वर्षे लागली.

मराठी वाचकाला अशा द्वंद्वाचे एक उत्तर हाताशी असते. ‘मूर्त’ आणि ‘अमूर्त’ हे शब्द आपल्याला चित्रकलेच्या आधी तत्त्वज्ञानाने दिले. ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे आहेत, असे बृहदारण्यक उपनिषद सांगते. आणि आपल्या संतकवींनी सगुण व निर्गुण या दोहोंची गाणी एकाच श्वासात गायिली. तेव्हा पदमसींची शिरोचित्रे म्हणजे सगुण आणि मेटास्केप म्हणजे निर्गुण, आणि दोन्ही शेवटी एकच, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येईल. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. सगुण-निर्गुणाचा विचार परमेश्वराच्या संदर्भात केलेला आहे, आणि परमेश्वराला त्याची मूर्ती घडवल्याने इजा होत नाही. माणसाला होते. हंड्यावर गुंडाळलेले धोतर लिहिले गेल्याने एका माणसाला इजा झाली होती. त्यामुळे माणसाच्या आकृतीचा प्रश्न देवाच्या आकृतीच्या प्रश्नावरून सोडवता येत नाही. तो स्वतंत्रपणेच सोडवावा लागतो.

दुसरे उत्तर आपल्या सौंदर्यशास्त्राने दिलेले आहे. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ या ग्रंथाला १९७५ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. कलेच्या आपल्या संकल्पनेला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव आहेत आणि त्यांपैकी कोणताही एक काढून टाकता येत नाही, असे प्रतिपादन पाटणकरांनी केले. एकीकडे कलाकृती जीवनाशी जोडलेली आहे; दुसरीकडे ती स्वतःच्या नियमांनी उभी असलेली स्वायत्त वस्तू आहे. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाने दुसऱ्या ध्रुवाला जे बळ दिले होते त्याचा आवाका आणि मर्यादा दोन्ही या मांडणीमुळे स्पष्ट झाल्या. पदमसींचे काम समजून घेण्यासाठी ही द्विध्रुवात्मक संकल्पना उपयोगी आहे. मात्र पाटणकरांचा प्रश्न कलेच्या संकल्पनेचा आहे. माझा प्रश्न कलावंताच्या वर्तनाचा आहे. कलेला दोन ध्रुव असतील, तर त्या दोन ध्रुवांमध्ये ये-जा करणारा माणूस चेहऱ्याशी कसा वागतो?

येथे पदमसींच्या कारकिर्दीतील काही तपशील आठवले पाहिजेत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर १९५१ साली ते पॅरिसला गेले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांशी त्यांचे निकटचे संबंध होते. १९५४ साली मुंबईत जहांगीर कलादालनात त्यांचे प्रदर्शन भरले असता ‘लव्हर्स’ या शीर्षकाच्या चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. चित्रांत विवस्त्र स्त्री-पुरुष होते आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. चित्रे उतरवण्यास पदमसींनी नकार दिला, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. मानवाकृती रंगवणे ही निव्वळ दृश्य घटना नसते, तिला कायद्याच्या दारातही उभे राहावे लागते, हा धडा त्यांना पंचविशीतच मिळाला.

१९५९–६०च्या सुमारास त्यांनी करड्या रंगाची एक चित्रमाला केली. तिच्यातील ‘ग्रीक लँडस्केप’ हे चित्र सुमारे बारा फूट रुंद आहे. या मालेत निसर्गदृश्ये आहेत, नगरदृश्ये आहेत, नग्नाकृतीही आहेत. आणि करड्या रंगाने त्या सर्वांना एकाच न्यायाने वागवले आहे. लाल किंवा निळा रंग वस्तूला पुढे आणतो किंवा मागे ढकलतो. करडा रंग असा पक्षपात करीत नाही. शरीर, भिंत आणि आकाश यांना येथे सारखेच वजन मिळते. शरीर विषय आणि अवकाश त्याची पार्श्वभूमी, ही श्रेणी पदमसींनी येथे मोडली. माझ्या मते त्यांच्या पुढच्या दोन्ही वाटा येथूनच फुटतात.

१९६९ साली मिळालेल्या नेहरू पाठ्यवृत्तीच्या आधारे त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ हा प्रयोग केला. चित्रकार आणि चित्रपटकार तेथे एकत्र काम करीत. ‘सिझिजी’ हा त्यांचा मूक लघुपट त्याच काळातला आहे. केवळ रेषा, बिंदू आणि त्यांच्यातील संख्यात्मक संबंध यांवर तो उभा आहे. त्यानंतर, १९७०पासून, मेटास्केप आले. आणि या सर्व काळात शिरोचित्रे चालूच होती: तैलरंगात, जलरंगात, कोळशात, पुढे ब्राँझमध्येही. त्यांतील बहुतेकांना नाव नाही. समोर बसवलेल्या माणसाचे साम्य साधण्यासाठी ती केलेली नाहीत. १९९०नंतरच्या दशकात ‘मिरर इमेज’ ही माला आली. तिच्यात दोन चित्रफलक शेजारीशेजारी ठेवलेले असतात, आणि एक दुसऱ्याचे प्रतिबिंब आहे असे वाटता वाटता त्यांच्यातील फरक दिसू लागतो. त्याच दशकात त्यांनी गांधींचीही चित्रे केली, म्हणजे ज्याचा चेहरा साऱ्या देशाला पाठ आहे अशा माणसाकडेही ते वळले.

त्यांच्या समकालीनांनी याच पेचातून वेगळे मार्ग काढले. रामकुमार यांनी १९५०च्या दशकात शहरातील बेकार, उदास, खांदे पडलेल्या तरुणांची चित्रे रंगवली. ते स्वतः हिंदीतले कथाकार होते; माणसाची कथा त्यांना परकी नव्हती. १९६०च्या सुमारास ते हुसेन यांच्यासमवेत बनारसला गेले आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांतून माणसे हळूहळू नाहीशी झाली. घाट, भिंती, पाणी उरले, आणि पुढे त्यांचेही केवळ प्रतल उरले. वासुदेव गायतोंडे यांनी सुरुवातीच्या काळानंतर आकृती पूर्णपणे बाजूला ठेवली आणि २००१मध्ये निधन होईपर्यंत तिकडे वळून पाहिले नाही. तय्यब मेहता यांनी याच्या उलट केले. १९४७च्या दंगलीत मुंबईच्या रस्त्यावर एका माणसाला जमावाने ठार मारताना त्यांनी पाहिले होते. कोसळणारी, तुटलेली, बांधलेली आकृती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. या तिन्ही निर्णयांमागे सचोटी आहे. ज्याने बनारसमध्ये दुःखाचे हजारो चेहरे पाहिले त्याने एकही चेहरा न रंगवणे आणि ज्याने एकच मृत्यू पाहिला त्याने तोच आयुष्यभर रंगवणे, या दोन्ही गोष्टी माणसाविषयीच्या आदरातून येऊ शकतात. पदमसींनी मात्र या दोहोंपैकी एक निवडले नाही. हे निर्णय न घेणे होते की हाही एक निर्णय होता?

मला याचे उत्तर मेटास्केपच्या उगमाशी मिळाले. या चित्रांची कल्पना आपल्याला ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या नांदीवरून सुचली असे पदमसी सांगत. त्या श्लोकात कालिदास शिवाच्या आठ प्रत्यक्ष रूपांना वंदन करतो. आणि ती रूपे सांगताना त्यांची रूढ नावे घेण्याऐवजी बहुतांशी त्यांच्या कार्यावरून त्यांचा निर्देश करतो. सूर्य आणि चंद्र यांना तो काळाचे नियमन करणारे दोघे म्हणून ओळखतो. एकाच चित्रात सूर्य आणि चंद्र असण्याचे कारण हे आहे. नावाच्या आधी वस्तू काय करते हे पाहायचे, ही दृष्टी पदमसींना त्या श्लोकात सापडली. मेटास्केपमधील डोंगराला म्हणूनच नाव नाही. तो सह्याद्री नाही आणि हिमालयही नाही. तो डोंगराचे काम करतो, दृष्टीला अडवतो आणि उचलतो.

येथवरची गोष्ट पदमसींवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी सांगितली आहे. परंतु नांदी म्हटली की पुढे नाटक येते. आणि ज्या नाटकाच्या आरंभी ही निनावी रूपे उभी आहेत ते नाटक कशाविषयी आहे, हे आपण विसरता कामा नये. ते चेहरा न ओळखण्याविषयी आहे. पाचव्या अंकात शकुंतला राजसभेत दुष्यंतासमोर उभी राहते. चेहऱ्यावरचे अवगुंठन दूर केल्यावरही राजा तिला ओळखत नाही. तो पुरावा मागतो. पुरावा म्हणजे अंगठी, आणि त्या अंगठीवर राजाचे स्वतःचे नाव कोरलेले आहे. निरोप घेताना त्याने शकुंतलेला सांगितले होते की, रोज या नावातले एक एक अक्षर मोज. अक्षरे संपण्याच्या आत तुला न्यायला माणूस येईल. अंगठी हरवते, आणि तिच्याबरोबर ओळखही हरवते. समोर उभ्या असलेल्या जिवंत चेहऱ्यापेक्षा कोरलेले नाव अधिक विश्वसनीय ठरते, आणि तेही तिचे नव्हे, त्याचे. दुर्वासांच्या शापाची योजना करून कालिदासाने राजाचा दोष हलका केला आहे. तो पुसलेला मात्र नाही.

सहाव्या अंकात अंगठी सापडते, राजाला सर्व आठवते, आणि मग तो काय करतो? तो चित्र काढतो. चित्रात शकुंतला आहे, तिच्या दोन सख्या आहेत, तिच्या मुखाकडे झेपावणारा भुंगा आहे. राजा त्या भुंग्याला दटावू लागतो, तेव्हा हे चित्र आहे अशी आठवण त्याला विदूषक करून देतो. चित्र अजून अपुरे आहे असे राजाला वाटते. त्यात मालिनी नदी आणि तिच्या वाळवंटातील हंसांची जोडी काढायची आहे, हिमालयाच्या पायथ्याशी बसलेली हरणे काढायची आहेत, फांद्यांवर वल्कले टांगलेला वृक्ष काढायचा आहे. चेहरा झाल्यावर त्याला निसर्गदृश्य हवे आहे. भारतीय साहित्यात चित्रकलेवर इतके मार्मिक आणि इतके निर्दय भाष्य मला दुसरे आठवत नाही. ज्याने जिवंत चेहरा नाकारला तो आता रंगवलेल्या चेहऱ्याशी अत्यंत प्रेमाने वागतो आहे. त्याचे चित्र उत्तम आहे, साम्य अचूक आहे, तपशिलांची निवड रसिकाची आहे. आणि या सगळ्याने शकुंतलेच्या अपमानाची रतिमात्रही भरपाई होत नाही. ती भरपाई चित्राबाहेर, सातव्या अंकात, राजा तिच्या पायांवर कोसळतो तेव्हा होते.

मी जिन्यात पुटपुटलो तेव्हा मी सहाव्या अंकातला दुष्यंत होतो. माझ्या लेखातील साम्य अचूक होते. शेजाऱ्याच्या दुःखाशी मी फार प्रेमाने वागलो होतो, परंतु लेखात. आंदणाचा हंडा मोडीत गेला त्या दिवशी मी त्या घरात एक वाटी पीठही नेऊन दिले नव्हते. मूर्त कलेचा खरा धोका मला येथे दिसतो. माणसाची आकृती कलाकृतीत आली की त्या माणसाचे देणे फिटले असे कलावंताला वाटू लागते. आणि आकृती जितकी हुबेहूब, तितका हा भ्रम दाट. अमूर्त कलेचा धोका वेगळा आहे. तेथे देणे फिटल्याचा भ्रम नसतो, पण देणे आहे याचाच विसर पडू शकतो. दिवाणखान्यातल्या भिंतीला आणि पडद्याच्या रंगाला साजेसे चित्र म्हणून तिचा व्यवहार किती सहज होतो हे आपण पाहतोच. बाजाराला निनावी डोंगर चालतो, कारण तो काही मागत नाही. १९८२ साली मी जो आरोप केला तो या धोक्यापुरता खरा होता. तो मी आजही मागे घेणार नाही.

अशा वेळी जो चित्रकार दोन्ही प्रकारची कामे शेजारीशेजारी ठेवतो त्याच्यासाठी प्रत्येक प्रकार दुसऱ्याची तपासणी करीत राहतो. पदमसींची शिरोचित्रे मेटास्केपला विसरू देत नाहीत की पाहणारा हा देहधारी माणूसच आहे; आणि मेटास्केप शिरोचित्रांना आठवण देतात की या चेहऱ्यावर आपली मालकी नाही. सूर्याचे नाव न घेता सूर्याकडे पाहण्याची जी शिस्त, तीच माणसाच्या डोक्याला लावली की काय होते ते या शिरोचित्रांत दिसते. नाव नाही, जात नाही, धंदा नाही, मागे घर नाही, हातात हंडा नाही. कपाळ, डोळ्यांच्या खोबणी, मिटलेले ओठ. आणि या सर्वांना एकत्र धरून ठेवणारे काहीतरी, ज्याला आपण दुसरा शब्द नसल्याने माणूस म्हणतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच अनेकदा घेतला आहे. माणसाचे नाव, जात, धंदा काढून घेणे हाही अन्याय नाही काय? ज्यांना शतकानुशतके नाव नाकारले गेले त्यांच्या साहित्याने मराठीत आपले नाव, आपली वस्ती, आपला हिशेब ठणकावून सांगितला. तो सांगितला नसता तर आपली भाषा आजही अर्धी आंधळी राहिली असती. ‘माणूस’ या सर्वसामान्य शब्दाच्या आडोशाने विशिष्ट माणसाला विसरणे ही जुनी चलाखी आहे. या आक्षेपात पूर्ण तथ्य आहे. म्हणूनच निनावी चेहऱ्याची नैतिक किंमत एकदाच ठरवून टाकता येत नाही. ती काळ आणि स्थळ पाहून ठरते. जेथे नाव हिरावून घेतले गेले आहे तेथे नाव परत देणे हे कलावंताचे काम आहे. परंतु असाही काळ येतो की नाव हेच शस्त्र होते.

१९९२चा डिसेंबर आणि १९९३चा जानेवारी मुंबईत काढलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. रस्त्यात माणसाला थांबवून पहिल्यांदा त्याचे नाव विचारले जाई. चेहरा पुरेसा नव्हता, कारण चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. दोन्हीकडचे चेहरे सारखेच होते. अंगठीवरची अक्षरे मोजल्याशिवाय समोरचा माणूस जगू द्यायचा की नाही हे ठरत नव्हते. आमच्या वस्तीत दारांवरच्या नावाच्या पाट्या लोकांनी रातोरात काढून ठेवल्या. माझ्याही दारावरची मी काढली. माझ्या नावाला त्या वस्तीत धोका नव्हता, पण पाटी असलेली दारे थोडी उरली असती तर नसलेली दारे ओळखू आली असती.

पुढे काही महिन्यांनी मी पदमसींची काही शिरोचित्रे एकत्र पाहिली. ती दंगलींवरची चित्रे नव्हती. तशी शिरोचित्रे ते १९५०च्या दशकापासून काढीत होते, आणि त्यांच्यावर तो अर्थ लादणे हा पुन्हा एक प्रकारचा ताबाच ठरेल. बदल माझ्यात झाला होता. मी त्या चेहऱ्यांसमोर उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आले की मी नकळत त्यांची नावे शोधतो आहे. हा कोणत्या समाजाचा असेल? नाक कसे आहे? दाढी आहे की सावली? एकेका चित्रासमोर हा शोध फसत गेला. चित्र काही सांगेना. अखेरीस नाव कळल्याशिवायच त्या चेहऱ्याकडे पाहत राहणे, किंवा निघून जाणे, एवढेच दोन पर्याय उरले. दुष्यंताला राजसभेत हे जमले नव्हते. मला चित्रासमोर ते थोडा वेळ जमले, एवढेच मी म्हणू शकतो.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देण्याचा प्रयत्न करतो. दुसऱ्याचा चेहरा कलाकृतीत आणण्याचा अधिकार कलावंताला जन्मतः मिळत नाही, आणि प्रतिभेनेही मिळत नाही. विशिष्ट माणूस आणायचा असेल तर त्याला विचारले पाहिजे, आणि चित्राबाहेर त्याचे जे देणे आहे ते चित्राने फिटत नाही हे मनाशी ठाम असले पाहिजे. चेहरा वगळण्याचा अधिकार मिळतो तोही अशाच एका अटीवर: वगळलेल्या जागी प्रेक्षकाला आरामात बसता येऊ नये, जी एकाग्रता चेहऱ्याला द्यायची तीच त्या रिकाम्या अवकाशाने मागून घेतली पाहिजे. या अटी पाळणाऱ्याच्या बाबतीत मूर्त की अमूर्त हा प्रश्न गौण ठरतो. पदमसींनी दोन्ही केले, आणि दोहोंत एकच गोष्ट टाळली: पाहणाऱ्याला वस्तूचा मालक होऊ देणे. त्यांच्या चित्रांत नाव नसलेला डोंगर आणि नाव नसलेला माणूस आहे. ओळख पटवण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोडले आहे.

ते व्यक्तिचित्र मी पुढे माझ्या कोणत्याही संग्रहात घेतले नाही. मित्रांनी त्याबद्दल विचारले की ते अपरिपक्व होते असे मी सांगत असे; खरे कारण सांगत नसे. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. एकेक गिरणी बंद होत गेली, आणि शेजारचे ते गृहस्थ खोली विकून कोकणात गावी निघून गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी ते दारात आले. मला वाटले, आता तरी क्षमा मागावी. पण त्यांच्या हातात सामानाची यादी होती आणि टेम्पो किती वाजता बोलवावा हे त्यांना ठरवायचे होते. आम्ही त्याबद्दल बोललो. सकाळी त्यांची ट्रंक उतरवायला मी एका बाजूने हात लावला. जिन्याचे वळण अरुंद होते. त्यामुळे ट्रंक तिरकी करून, एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत, पायरीपायरीने खाली यावे लागले. काही बोलणे झाले नाही. आज त्यांचा चेहरा मला स्पष्ट आठवतो, आणि तो मी येथे लिहिणार नाही.